पुनर्विवाह, उत्तरवयातील

पती किंवा पत्नी यांच्या मृत्यूनंतर, अपत्यसंगोपनाचा मुख्य काळ उलटून गेल्यावर, मागे राहिलेल्या जोडीदाराने केलेला नवा विवाह. वयाची काटेकोर मर्यादा येथे घालता येत नाही. सामान्यतः पंचेचाळिशी-पन्नाशीनंतरचे विवाह या संज्ञेत धरले जातात. घटस्फोटानंतरचे विवाह या नोंदीत विचारात घेतलेले नाहीत. कारण त्यांत मागचा संबंध पक्षांच्या इच्छेने वा न्यायालयाच्या निर्णयाने संपलेला असतो. वैधव्य वा वैधुर्य यांत तो मृत्यूने तुटतो. मृताची स्मृती, त्याचे आप्त, त्याची मुले आणि त्याची मालमत्ता ही सर्व मागे उरतात. या प्रकारच्या विवाहाचे बहुतेक प्रश्न या उरलेल्या गोष्टींतून उद्‌भवतात.

या बाबतीत मराठी भाषेतील शब्दच बोलके आहेत. विधवेच्या पुनर्विवाहाला पाट, मोहतूर, गांधर्व अशी स्वतंत्र नावे आहेत. विधुराच्या पुनर्विवाहविधीला मात्र वेगळे नाव नाही; तो लग्नच असतो. त्याला स्वतःला बिजवर म्हणतात आणि त्याच्या नव्या पत्नीला दुसरेपणाची बायको. म्हणजे पुरुषाच्या बाबतीत वेगळेपण व्यक्तीपुरते राहिले; स्त्रीच्या बाबतीत ते विधीला आणि त्यामुळे तिच्या सामाजिक दर्जाला चिकटले. ‘लग्नाची’ व ‘पाटाची’ हा भेद वारसाच्या तंट्यांत, मानपानात आणि पुढच्या पिढीच्या सोयरिकींतही पाळला जाई.

धर्मशास्त्रग्रंथांत या विषयावर एकवाक्यता नाही. पुनर्विवाहित स्त्रीला पुनर्भू व तिच्या पुत्राला पौनर्भव म्हटले आहे. त्यावरून अशा स्त्रिया समाजात होत्या, एवढे निश्चित होते. कौटिलीय अर्थशास्त्रात विधवेच्या पुनर्विवाहाची तरतूद आहे आणि पराशरस्मृतीत काही आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करण्यास अनुज्ञा दिली आहे. मनुस्मृतीचा कल प्रतिकूल आहे. मध्ययुगीन निबंधकारांनी विधवाविवाह कलिवर्ज्यांत घातला आणि ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत तो बंद झाला. तथापि महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत तो कधीच बंद नव्हता, ही गोष्ट विधवाविवाहाच्या इतिहासात अनेकदा विसरली जाते. पेशवाईत पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी घेतली जाई. ज्या गोष्टीवर सरकार कर बसवते, ती गोष्ट समाजात नित्याची असली पाहिजे.

पूर्व विदर्भातील रूढी : बृहन्महाराष्ट्रातील सुधारणेचा इतिहास पुण्या-मुंबईच्या अंगाने सांगण्याची प्रथा असली, तरी उत्तरवयातील पुनर्विवाहाचे जुने व जिवंत रूप पाहावयाचे, तर झाडीपट्टीकडे वळणे इष्ट ठरते. नागझिरा हे या पट्ट्यातील एक वनक्षेत्र. १९७० मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले, त्याचे मूळ क्षेत्र सु. १५३ चौ. किमी. आहे आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग झाले. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत हा सर्व प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. त्यानंतर त्याचा मोठा भाग गोंदिया जिल्ह्यात आला. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी ही अभयारण्याच्या प्रवेशद्वारांची गावे बाहेरच्या पर्यटकांस परिचित आहेत. या वनाच्या कडेने गोंड, हलबा, गोवारी, ढीवर, कुणबी, पोवार, कोहळी, तेली व पूर्वाश्रमीच्या महार समाजातील बौद्ध अशी मिश्र वस्ती आहे. या जातिजमातींपैकी बहुतेकींत विधवेने पुन्हा घर करणे निषिद्ध मानले गेलेले नाही.

याचे कारण या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. भातशेतीत कामाची विभागणी कडक आहे : नांगरणी, चिखलणी व बांध्यांची डागडुजी पुरुषांकडे, तर परे काढणे, रोवणी व निंदण मुख्यत्वे स्त्रियांकडे. चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचणे आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडून त्यांचे पुडके बांधणे ही कामे कुटुंबातील जितके हात अधिक, तितकी किफायतशीर ठरतात. एकट्या माणसाला, मग तो पुरुष असो वा स्त्री, या चक्रात टिकून राहणे अवघड जाते. मुले वेगळी राहू लागलेल्या पन्नाशीतील विधुराला रोवणीसाठी मजूर लावावे लागतात आणि त्याच वयाच्या विधवेला नांगरासाठी दुसऱ्याचे पाय धरावे लागतात. अशा दोघांनी एकत्र येण्यात गावाला फारसे विपरीत वाटत नाही. केवळ सोयीमुळेच असे संबंध जुळतात, असा निष्कर्ष मात्र यातून काढणे योग्य नव्हे. सोय हे कारण पंचांपुढे उघडपणे सांगता येते, ओढ सांगता येत नाही. म्हणून नोंदींत पहिलेच अधिक उतरलेले आढळते.

मध्य प्रांतातील जातिजमातींविषयी रसेल व हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिल्याप्रमाणे गोंडांत विधवेचा पुनर्विवाह मोकळेपणाने होई. मृताच्या धाकट्या भावाचा तिच्यावर पहिला हक्क मानला जाई. थोरल्या दिराशी मात्र असा संबंध वर्ज्य होता. या देवरविवाहाच्या मुळाशी स्त्री व तिची मुले मृताच्या कुळातच राहावीत, हा हेतू होता. विवाहाच्या वेळी वधूमूल्य दिलेले असल्याने ती दुसऱ्या कुळात गेल्यास नव्या पतीने पहिल्या सासरला भरपाई द्यावी, असाही रिवाज अनेक ठिकाणी होता. गोंडांतील देवसंख्येवर आधारलेले विवाहनिषेध पुनर्विवाहालाही लागू होते. मध्य भारतातील गोंडांत ‘पैठू’ नावाची आणखी एक रीत आढळते : स्त्री स्वतः होऊन पुरुषाच्या घरी जाऊन राहते आणि पंच नंतर दंड व जेवण घेऊन त्या संबंधास मान्यता देतात. विधवेला स्वतःची निवड अमलात आणण्याचा हा एक मार्ग होता.

उत्तरवयात या रूढींचा जोर बदलतो. चाळिशी-पन्नाशीच्या विधवेचा धाकटा दीर बहुधा स्वतःच संसारी असतो. वधूमूल्याचा हिशेब जुना झालेला असतो. मूल होण्याची शक्यता मावळल्याने कुळाचा तिच्यावरील दावाही सैल पडतो. त्यामुळे तरुण विधवेपेक्षा प्रौढ विधवेला जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य अधिक मिळे. नागरी मध्यमवर्गाची परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे तरुण विधवेचा पुनर्विवाह आता बहुधा स्वागतार्ह ठरतो. साठीतल्या विधवेने तोच विचार बोलून दाखविला, तर घरात अवघडलेपण येते.

पाटाचा विधी साधा असे. नवे लुगडे व बांगड्या पुरुषाने स्त्रीला देणे, हा त्याचा गाभा. तो रात्री, बहुधा कृष्णपक्षात, उरकला जाई आणि सवाष्ण स्त्रिया त्या वेळी समोर येत नसत. वर अविवाहित असेल, तर त्याचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावीत. म्हणजे त्याचे पहिले ‘खरे’ लग्न झाले असे मानून मग पाट लागे. विधुराने दुसरी पत्नी केल्यास पहिलीचा टाक किंवा छोटी प्रतिमा दुसरीच्या गळ्यात घालण्याची चाल कुणबी व इतर जातींत होती. मृत पत्नीचा मत्सर शांत व्हावा, ही त्यामागील श्रद्धा. दुसरीने पहिलीला नित्य गळ्यात वागवावे, या चालीत भीतीबरोबर मृतेच्या हक्काची एक प्रकारची कबुलीही आहे. आजच्या नागरी घरांत दिवंगत पत्नीची तसबीर भिंतीवर ठेवावी की काढावी, यावरून निर्माण होणारे पेच याच जातीचे आहेत. फरक इतकाच, की ते सोडविण्यासाठी कोणताही ठरलेला विधी आता हाताशी नाही.

सुधारणेची चळवळ व तिची मर्यादा : १८५६ च्या पंधराव्या अधिनियमाने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता मिळाली. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित (१८२७–७६) यांनी १८६६ मध्ये पुनर्विवाहोत्तेजक मंडळी काढली. १५ जून १८६९ रोजी मुंबईत पांडुरंग विनायक करमरकर व वेणूबाई यांचा विवाह झाला आणि त्यापाठोपाठ बहिष्काराचे मोठे प्रकरण उद्‌भवले. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ होऊन निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी पहिली पत्नी राधाबाई यांच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई (आनंदीबाई) या बालविधवेशी विवाह केला. त्याबद्दल मुरूड येथे त्यांच्या कुटुंबास बहिष्कार सोसावा लागला. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळीची स्थापना केली. पुढे मात्र त्यांनी आपली शक्ती विवाहाऐवजी विधवांच्या शिक्षणाकडे वळविली आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला.

या चळवळीचे ऋण मोठे आहे. पण तिचा सारा युक्तिवाद बालविधवेभोवती उभारलेला होता. जिचा संसार झालाच नाही, तिला तो नाकारणे हा अन्याय, अशी ती मांडणी होती. ज्या स्त्रीचा संसार झाला, जिला मुले आहेत, तिच्याविषयी या मांडणीत जागा नव्हती. किंबहुना अशा स्त्रीने पुन्हा विवाहाची इच्छा धरावी, हे बऱ्याच सुधारकांनाही रुचले नसते. बालविवाह घटल्यावर बालविधवा हा वर्ग संपत आला आणि वैधव्य हे प्रामुख्याने उत्तरवयात येणारे झाले. परिणामी एकोणिसाव्या शतकातील विजयाचा लाभ विसाव्या शतकातील बहुसंख्य विधवांना फारसा झाला नाही.

विधुरांची बाजू निराळी होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी १८७३ मध्ये निवर्तल्यानंतर वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने विधवेशी विवाह न केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. त्या कुमारिकेने पुढे रमाबाई रानडे म्हणून जे कार्य केले, त्यामुळे त्या टीकेची धार बोथट झाली. तिचा मुद्दा मात्र खोटा ठरला नाही. विष्णुशास्त्री पंडित यांनी याउलट, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर सत्तेचाळीसच्या आसपास वय असताना, कुसाबाई या विधवेशी विवाह केला. ताराबाई शिंदे या बुलढाण्याच्या लेखिकेने स्त्रीपुरुष तुलना (१८८२) या पुस्तकात, पत्नी जाताच पुरुष दुसरी करतो आणि स्त्रीला मात्र जन्मभर कोंडले जाते, या विषमतेवर जळजळीत प्रहार केले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत शारदा (१८९९) या नाटकाने वृद्ध विधुर व कोवळी कुमारिका यांच्या विवाहाला कायमचे हास्यास्पद केले. ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी काढलेल्या कुंकू (१९३७) या चित्रपटात प्रौढ विधुराला आपली चूक उमगते आणि तरुण पत्नीला मोकळे करण्यासाठी तो आत्मनाश पत्करतो. या कृतींनी जरठ-कुमारी विवाहाची प्रथा मोडण्यास मोठे साहाय्य केले. त्यांचा एक अनपेक्षित परिणाम असा, की उतारवयातील कोणत्याही विवाहाकडे, अगदी समवयस्क विधवा-विधुरांच्या विवाहाकडेही, काहीशा थट्टेने पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला लागली.

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा दुसरा विवाह हे विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील उत्तरवयीन विवाहाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. त्यांच्या पत्नी रमाबाई २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. त्यानंतर सु. तेरा वर्षे ते एकटे राहिले. मधुमेह व इतर व्याधी बळावल्यावर मुंबईतील उपचारांच्या काळात डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी, वयाची ५७ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिल्लीत नोंदणी पद्धतीने त्यांनी विवाह केला. वधूचे वय ३९ होते. पुढे त्या सविता आंबेडकर या नावाने ओळखल्या गेल्या. घटनेचा मसुदा, हिंदू संहिता विधेयक आणि १९५६ चे धर्मांतर ही कामे या सहजीवनाच्या काळातली आहेत आणि धर्मांतराच्या वेळी दोघांनी बरोबरच दीक्षा घेतली. पतीच्या मृत्यूनंतर अनुयायांतील एका गटाच्या रोषामुळे सविताबाई दीर्घ काळ सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक डॉ. आंबेडकरांच्या सहवासात या नावाने प्रसिद्ध आहे. उत्तरवयात आलेल्या पत्नीला पतीच्या आजारपणाची सर्व जबाबदारी मिळते, पण त्याच्या आयुष्यावरील हक्क इतरांच्या मनातून सहजी मिळत नाही, हे या प्रकरणात ठळकपणे दिसते.

मालमत्ता व वारसा : उत्तरवयातील पुनर्विवाहास होणारा कौटुंबिक विरोध भावनेच्या भाषेत व्यक्त होत असला, तरी त्याच्या तळाशी पुष्कळदा घर व जमीन असते. १८५६ च्या अधिनियमाने पुनर्विवाहाची मुभा दिली, पण दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेतील हक्क काढून घेतला. विठू वि. गोविंदा (१८९६) या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने, जातीच्या रूढीने ज्यांना आधीपासूनच पाटाची मोकळीक होती, अशा स्त्रियांनाही ही तरतूद लागू होते, असा निर्णय दिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मत याविरुद्ध होते. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने मुंबईचा निर्णय तेथे बंधनकारक नव्हता. सुधारणेसाठी केलेल्या कायद्याने, ज्यांना सुधारणेची गरजच नव्हती अशा जातींतील स्त्रियांचे काही ठिकाणी नुकसान केले, हा या इतिहासातील एक कटू विरोधाभास आहे.

हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने (१९५६) ही स्थिती पालटली. पतीकडून वारशाने मिळालेली मालमत्ता विधवेच्या पूर्ण मालकीची होते आणि नंतरच्या पुनर्विवाहाने ती हिरावली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये चेरोट्टे सुगाथन प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा सांगितले. १८५६ चा मूळ अधिनियम १९८३ मध्ये रद्द करण्यात आला. तथापि नव्या कायद्यातील वाटणीचे नियम पाहता मुलांची धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मृत्युपत्र न करता पुरुष मरण पावल्यास त्याची दुसरी पत्नी, त्याचे प्रत्येक मूल व हयात असल्यास त्याची आई यांना समान हिस्सा मिळतो. स्त्री मरण पावल्यास तिची मुले व हयात पती हे बरोबरीने वारस होतात. म्हणजे पहिल्या पतीकडून आलेल्या शेताचाही काही भाग दुसऱ्या पतीकडे जाऊ शकतो. सावत्र मुलाला मात्र सावत्र आईच्या मालमत्तेत मुलगा या नात्याने हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरविले; त्याचा क्रम पतीच्या वारसांत, म्हणजे नंतरचा, लागतो. या गुंत्यातून सुटण्याचा मार्ग मृत्युपत्राचा आहे. विवाहापूर्वीच दोघांनी आपापली मृत्युपत्रे करून ती मुलांना दाखविल्यास विरोधाचा मोठा भाग ओसरतो, असा वकिलांचा व विवाहमंडळांचा सामान्य अनुभव आहे. मात्र यात दुसऱ्या पत्नीच्या निवाऱ्याची सोय विसरली जाण्याचा धोका असतो : घर मुलांच्या नावे झाले आणि पती आधी गेला, तर सत्तरीतील स्त्री दुसऱ्यांदा विधवा होऊन बेघरही होते. हयातीपर्यंत राहण्याचा हक्क तिला मृत्युपत्रातच देता येतो. तो दिला जावा, याकडे तिच्या माहेरच्यांनी लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या अधिनियमात सावत्र आई व सावत्र वडील यांचाही ‘आईवडील’ या संज्ञेत समावेश केलेला आहे.

नागझिऱ्याच्या परिसरातील गोंड व इतर अनुसूचित जमातींना हे हिंदू अधिनियम आपोआप लागू होत नाहीत. त्यांच्या वारशाचे प्रश्न जमातीच्या रूढीनुसार सुटतात. तेथे विधवेचा हक्क बहुधा उपभोगापुरता मानला जाई आणि ती दुसऱ्या घरी गेल्यावर तो संपे. या बाबतीत १७ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा राम चरण वि. सुखराम हा निर्णय महत्त्वाचा आहे. छत्तीसगढमधील एका गोंड कुटुंबाच्या या वादात, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून वारसा नाकारणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले व स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा दिला. वनहक्क अधिनियमाखालील (२००६) पट्टा विवाहितांच्या बाबतीत पतिपत्नींच्या संयुक्त नावे होतो; तो वारसाने जातो, पण विकता येत नाही. पतीच्या मृत्यूनंतर असा पट्टा धारण करणाऱ्या विधवेने पुनर्विवाह करून दुसऱ्या गावी जाण्याचे ठरविले, तर जमीन कसणार कोण, हा प्रश्न तिच्या निर्णयात मोठा असतो. पुष्कळदा पुरुषच स्त्रीच्या गावी येऊन राहतो, यामागे हेही एक कारण संभवते.

निवृत्तिवेतन : नोकरदार वर्गात जमिनीची जागा निवृत्तिवेतनाने घेतली आहे. सर्वसाधारण नियम असा, की कुटुंब निवृत्तिवेतन विधवेला मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळते. केंद्र शासनाच्या नियमांत अपत्यहीन विधवेस, तिचे अन्य उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असल्यास, पुनर्विवाहानंतरही ते चालू राहते. खाजगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतही विधवेचे वेतन पुनर्विवाहाने थांबते. शौर्यपदकधारक सैनिकांच्या विधवांना मिळणारा भत्ता, तिने मृत पतीच्या भावाशीच विवाह केला तर चालू राहील, अशी अट २०१७ पर्यंत होती. देवरविवाहाची जुनी रूढी शासकीय नियमावलीत इतका काळ टिकून राहावी, हे नवलच. विधुर निवृत्तांना अशी अडचण नाही. उलट भगवंती वि. भारत सरकार (१९८९) या निर्णयानुसार निवृत्तीनंतर केलेल्या विवाहातील पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. म्हणजे एकाच विवाहात पुरुष नव्या पत्नीची सोय करू शकतो आणि त्याच विवाहामुळे ती आपले हातचे उत्पन्न गमावते. दुसरा पती घरखर्च चालवील, हे गृहीत या नियमांमागे आहे; साठीनंतरच्या विवाहात ते बहुधा खरे नसते.

सद्यःस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात वैधव्य वा वैधुर्य आलेल्या व्यक्ती सु. ५.६ कोटी होत्या आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सु. ७८ टक्के होते. पती वयाने मोठा असणे, स्त्रियांचे आयुर्मान अधिक असणे आणि विधुरांचे पुनर्विवाह अधिक प्रमाणात होणे, ही तीन कारणे या विषमतेमागे आहेत. पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांच्या मेळाव्यांतून मात्र पुरुषांचीच गर्दी होते. स्त्रियांचा संकोच हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण अपुरे आहे. अनेक स्त्रियांनी पतीची दीर्घ शुश्रूषा केलेली असते. पुन्हा एका वृद्धाच्या पथ्यपाण्यात उरलेली वर्षे घालविण्याची त्यांची तयारी नसते. स्वयंपाक व सेवा यांसाठी पत्नी हवी असलेला विधुर आणि बोलण्या-फिरण्यासाठी सोबती हवा असलेली विधवा यांच्या अपेक्षा जुळत नाहीत. पुरुष स्वतःचे घर सांभाळण्यास शिकलेला असेल, तेथे जोड्या अधिक सहज जमतात.

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ स्थापन केले. अशा मंडळांतून जमलेल्या काही जोड्या विवाह करतात, तर काही विवाहाशिवाय एकत्र राहण्याचा पर्याय निवडतात. वारसाचा प्रश्न उद्‌भवत नाही, कुटुंब निवृत्तिवेतन शाबूत राहते आणि मुलांचा विरोध सौम्य होतो, हे या पर्यायाचे फायदे. दुखणे आल्यास रुग्णालयात नातेवाईक म्हणून सही कोणी करायची, हा त्यातील नेहमीचा पेच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाने विवाहसदृश संबंधातील स्त्रीला संरक्षण दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात अशा संबंधाच्या कसोट्या सांगितल्या. वारसाहक्क मात्र त्यातून मिळत नाही. झाडीपट्टीतील पैठूची रीत आणि शहरातील हे सहजीवन यांत पुष्कळ साम्य आहे. पंचांचे जेवण तेवढे येथे नाही आणि त्याबरोबर मिळणारी गावाची साक्षही नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ठरावाचा रोख पुनर्विवाहावर नव्हता. पण वैधव्याची बाह्य चिन्हे नाहीशी झाल्यावर विधवा स्त्री गावच्या समारंभांत, बाजारात व सभेत इतरांसारखीच वावरू लागते आणि उत्तरवयातील परिचय बहुधा अशाच ठिकाणी होतात.

विवाहाची कायदेशीर रीत सोपी आहे. हिंदू विवाह अधिनियमाखाली (१९५५) जोडीदाराच्या मृत्यूनंतर पुनर्विवाहासाठी कोणतीही मुदत थांबावे लागत नाही. मुस्लिम विधवेस चार महिने दहा दिवसांचा इद्दतकाळ पाळावा लागतो. विशेष विवाह अधिनियमाखाली (१९५४) तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. भिन्नधर्मीय वा धार्मिक विधी नको असलेले ज्येष्ठ हा मार्ग पत्करतात. नोंदणीच्या वेळी दोघांच्या वयाचे व निवासाचे पुरावे, साक्षीदार आणि पूर्वीच्या पती वा पत्नीचा मृत्युदाखला सादर करावा लागतो. दुर्गम गावांत जुन्या मृत्यूंची नोंदच झालेली नसल्याने हा दाखला मिळविण्यातच कित्येक महिने जातात. अशा वेळी विलंबित नोंदणीसाठी तहसील कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.